थंडीपेक्षा बुखारी वाईट: स्पिती-लडाखच्या हिवाळ्यात कॅमेरा कसा सांभाळायचा

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या किब्बर गावाच्या पहिल्या हिवाळी वारीत माझा कॅमेरा आजारी पडला तो थंडीनं नाही, माझ्या लाडानं. फेब्रुवारीची संध्याकाळ, बाहेर उणे अठरा अंश. दिवसभर कड्यासमोर उभं राहूनही हिमबिबट्यानं दर्शन दिलं नव्हतं. होमस्टेच्या स्वयंपाकघरात शिरलो तर बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवणारी लोखंडी शेगडी, धगधगतेय, तिच्यावर चहाचं भांडं, शेजारी थुक्पा (नूडल्सचं सूप) रटरटतोय आणि दहा माणसं दाटीवाटीनं बसलेली. म्हटलं, बिचारा कॅमेरा दिवसभर गारठलाय, त्यालाही जरा शेक मिळू दे. गळ्यातून काढला आणि बुखारीजवळच्या फळीवर ठेवला. दोन मिनिटांत तो पावसात भिजल्यासारखा ओलाचिंब. रुमालानं पुसला, पुन्हा ओला. पुन्हा पुसला. रात्री बुखारी विझली, खोली शून्याखाली गेली आणि लेन्सच्या आत शिरलेलं दव तिथंच गोठलं. सकाळी समोरच्या कड्यावर हिमबिबट्या उठून आळस देत होता, शेजारी धडाधड शटर वाजत होते, आणि मी दुधाच्या पेल्यातून बघितल्यासारखा बघत होतो.

होमस्टेच्या मालकानं कॅमेऱ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "भैया, अंदर क्यूँ लाए? इसको बाहर ही सोने देना था." त्याची स्वतःची दुर्बीण रात्रभर बाहेरच्या पडवीत, गवताच्या भाऱ्यांशेजारी पडून होती आणि सकाळी लख्ख होती.

हा लेख त्या एका वाक्याभोवती आहे. पहिल्यांदाच जानेवारी-फेब्रुवारीत स्पिती किंवा लडाखला कॅमेरा घेऊन निघालेल्यांसाठी, तयारीच्या क्रमानं लिहितोय. नॉर्वे-फिनलंडला ध्रुवीय प्रकाश बघायला जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी थोडं समजून घ्या: थंडी नेमकं काय करते?

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंश सेल्सिअस असं लिहिलेलं असतं, काही मॉडेल्सवर उणे १० ते ४०. ते वाचून घाबरू नका. शून्याखाली कॅमेरा फुटत नाही. तिथं तो नीट चालेल याची हमी कंपनी देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उणे वीसमध्ये साधे, मधल्या किमतीचे कॅमेरे दिवसभर चाललेले मी पाहिले आहेत.

कॅमेऱ्यातला सेन्सर तर थंडीवर खूश असतो. तापमान साधारण सहा-सात अंशांनी उतरलं की सेन्सरमध्ये उष्णतेमुळे वाहणारा नकोसा प्रवाह जवळपास निम्मा होतो आणि फोटोतला नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, कमी होतो. म्हणूनच वेधशाळांमधले कॅमेरे मुद्दाम गोठवून ठेवतात. मेमरी कार्डंही दणकट असतात, चांगल्या कंपनीची कार्डं उणे २५ अंशांपर्यंत चालतात. कुरकुर करतात त्या दुसऱ्याच गोष्टी: बॅटरी, मागचा एलसीडी स्क्रीन (चित्र ओढल्यासारखं सावकाश हलतं, गरम झाला की पूर्ववत), ट्रायपॉडच्या डोक्यातलं ग्रीस, प्लॅस्टिकच्या वायरी आणि तुमची बोटं.

वाऱ्याबद्दलही एक गैरसमज असतो. 'तापमान उणे १५ आहे, पण वाऱ्यामुळे उणे २५ वाटतंय' यातलं 'वाटणं' तुमच्या कातडीचं. कॅमेऱ्याला काही वाटत नाही. वाऱ्यात तो लवकर गार होईल, पण उणे १५ च्या खाली जाणार नाही.

मग खरा धोका कुठला? तो दारात उभा असतो, आत येताना.

पायरी पहिली: निघायच्या आधी घरी एक प्रयोग करा

जून-जुलैत एसी लावलेल्या गाडीतून आंबोलीला उतरून लगेच कॅमेरा डोळ्याला लावलाय कधी? लेन्सवर वाफ धरते आणि पहिली दहा मिनिटं वाया जातात. तेच हे, फक्त कितीतरी पटींनी मोठं. आंबोलीत गार कॅमेरा आणि दमट हवा यांच्यात आठ-दहा अंशांचा फरक असतो. किब्बरच्या स्वयंपाकघरात तो चाळीस अंशांवर जातो.

प्रयोग असा. दोन कोरड्या स्टीलच्या वाट्या फ्रीजरमध्ये तासभर ठेवा. सोबत झिपची एक पिशवीही ठेवा. नंतर फ्रीजरचं दार उघडं ठेवून, हात आतच ठेवून, एक वाटी त्या पिशवीत घाला, जमेल तितकी हवा दाबून काढा आणि झिप लावा. आता दोन्ही वाट्या ओट्यावर आणा. उघडी वाटी मिनिटभरात घामेजेल, मग तिच्यावरून ओघळ यायला लागतील. दुसरीच्या पिशवीवर बाहेरून पाणी धरेल, आतली वाटी मात्र कोरडी राहील. अर्धा तास थांबा, पिशवीचं बाहेरचं पाणी पुसा आणि मग उघडा. वाटी तशीच कोरडी.

असं का होतं? गार हवेत बाष्प फारच थोडं मावतं. फ्रीजरमधली हवा पिशवीत कोंडली म्हणजे कोरडी हवा कोंडली. ती खोलीत येऊन गरम झाली तरी तिच्याकडे सोडायला पाणीच नसतं. आणि खोलीतली दमट हवा गार वाटीपर्यंत पोचत नाही, पिशवीपाशीच अडते. प्रयोगातली मेख एवढीच की झिप फ्रीजरच्या आत लागली पाहिजे. ओट्यावर आणून लावली तर दमट हवा वाटीसोबत कोंडली जाईल. स्पितीत 'फ्रीजरच्या आत' म्हणजे घराच्या बाहेर.

हा प्रयोग एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढे कुणी सांगावं लागत नाही. मी आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक नवख्याला तो करायला लावतो. दोघांनी आईची बोलणी खाल्ली, पण त्यांचे कॅमेरे सुखरूप परत आले.

पायरी दुसरी: बॅटऱ्या

इथं जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त फोटो इथं हुकतात.

लिथियम-आयन बॅटरीच्या आत जे रासायनिक द्रव्य असतं ते थंडीत दाट होतं, त्यातून आयन सरकायला वेळ लागतो आणि बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो. कॅमेऱ्यानं एकदम जास्त वीज मागितली, म्हणजे ऑटोफोकस फिरवला, फटाफट दहा फोटो काढले, की व्होल्टेज खाली बसतं. कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली, आणि तो बंद पडतो. उणे वीसला बॅटरी निम्म्याच्या आसपासच साथ देईल असं धरून चाला. दोन-तीन वर्षं वापरलेली असेल तर त्याहूनही कमी.

पण ती संपलेली नसते, गारठलेली असते. कॅमेऱ्यातून काढा, आतल्या खिशात घाला, अर्ध्या तासानं पुन्हा लावा. तीस-चाळीस टक्के परत दिसतील. नवखी मंडळी 'डेड' झालेली बॅटरी बॅगेच्या तळाशी टाकून देतात आणि दुपारी दोनला हात चोळत बसतात.

माझी पद्धत अशी. मिररलेससाठी (आत आरसा नसलेला, दृश्य छोट्या स्क्रीनवर दाखवणारा कॅमेरा) चार बॅटऱ्या, जुन्या पद्धतीच्या, आरशाच्या डीएसएलआरला तीन पुरतात, कारण त्याचा व्ह्यूफाइंडर वीज खात नाही. एक कॅमेऱ्यात, बाकीच्या सगळ्यात आतल्या थरावरच्या शर्टाच्या खिशात, अंगाला लागून. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात नाही. तो खिसा आणि बॅग यांत थंडीच्या दृष्टीनं काहीच फरक नाही. ताज्या बॅटऱ्या डाव्या खिशात, वापरून झालेल्या उजव्या. हातमोजे घालून, अंधारात, शेरपाच्या टॉर्चशिवायही यात चूक होत नाही. खिशात सुटी नाणी किंवा किल्ली नको, बॅटरीच्या पट्ट्यांना लागली तर शॉर्ट होते.

रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये, पायापाशी. मोबाइल आणि पॉवर बँकही तिथंच. पॉवर बँकही लिथियमचीच असते आणि थंडीत तितकीच रुसते, हे लोक विसरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गारठलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. शून्याखालच्या बॅटरीत वीज भरली की आत लिथियम धातूचा थर साचायला लागतो. बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि पुढे ती धोकादायकही होऊ शकते. बाहेरून आलात की बॅटरी आधी खिशात किंवा पांघरुणात ठेवा, हाताला कोमट लागली की मग चार्जरवर. हिवाळ्यात या गावांमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे आली की लगेच चार्जर लावायचा मोह होतो. दहा मिनिटं दम धरा. गाडीत लावता येणारा यूएसबी चार्जर जरूर न्या, स्पितीतल्या काझा या मुख्य गावाहून येता-जाता तोच कामी येतो.

स्वस्तातल्या बॅटरीबद्दल: एका दुकानदारानं 'ओरिजिनलसारखीच आहे' म्हणून गळ्यात मारलेली बॅटरी पुण्यात खरंच ओरिजिनलसारखी चालली. किब्बरला तिनं एकोणीस फोटो काढून मान टाकली. कमीत कमी दोन बॅटऱ्या कंपनीच्या असू द्या.

वीज वाचवायला वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस बंद करा, फोटो काढल्यावर आपोआप दिसणारा प्रिव्ह्यू बंद करा. हेडटॉर्चसाठी रिचार्ज न होणारे लिथियमचे पेन्सिल सेल घ्या, ते उणे चाळीसपर्यंत चालतात. साधे अल्कलाइन सेल उणे पंधरात निरुपयोगी. आणि विमानानं लेहला जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनच्याच बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत. पॉवर बँक १०० वॉट-अवरच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची असावी.

पायरी तिसरी: हात आणि धातू

पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा आतला मोजा, त्यावर बोटं एकत्र राहतील असा जाड मिटन. जाड मिटन काढायचा, पातळ मोज्यानं फोटो काढायचे, परत घालायचा. मिटनला मनगटाची दोरी शिवून घ्या, लहान मुलांच्या मोज्यांना असते तशी. एकदा माझा एक मिटन वाऱ्यानं उडून दरीत गेला. त्या दिवशीचा पुढचा सगळा वेळ एक हात काखेत होता.

घरी पंखा बंद करून हे मोजे घाला आणि टीव्ही बघता बघता कॅमेरा हाताळा. आयएसओ कुठे, फोकस पॉइंट कसा हलतो, बॅटरीचं झाकण कसं उघडतं. जे बटण मोज्यातून सापडत नाही त्याचं काम दुसऱ्या बटणावर टाका. बॅटरी बदलणं न बघता जमलं पाहिजे.

उघडं कातडं गार धातूला लावू नका. १९१० साली दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या स्कॉटच्या मोहिमेवर हर्बर्ट पॉन्टिंग नावाचा छायाचित्रकार होता. काम करता करता त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि चिकटली, सोडवताना टोकाची साल निघाली. तोच पॉन्टिंग आपले कॅमेरे झोपडीत न आणता बाहेर थंडीत ठेवायचा, आत आणले की ओले होतात म्हणून. एका शतकाहून जुनी युक्ती आहे ही, किब्बरच्या माझ्या यजमानाला ती कुणी शिकवली नव्हती एवढंच.

ट्रायपॉड कार्बन फायबरचा असेल तर उत्तम. ॲल्युमिनियमचा असेल तर वरच्या पायांवर क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवा. खेळाच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि त्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या फोमच्या महागड्या कव्हरांपेक्षा घट्ट बसते.

हँडवॉर्मरच्या पुड्या न्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. त्यांच्यात लोखंडाचा भुगा असतो, तो हवेतल्या ऑक्सिजननं गंजतो आणि त्यातून उष्णता निघते. किब्बर ४,२७० मीटरवर आहे, तिथं ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच. पुडीही तुमच्यासारखीच धापा टाकते. घट्ट बंद खिशात तर तिला हवाच मिळत नाही.

बोटांची टोकं पांढरी पडली आणि चिमटा काढलेला कळेना, तर फोटो सोडा. काखेत हात घाला, आत जा. बर्फानं चोळू नका आणि बुखारीवर धरू नका. बधिर बोट भाजलेलं कळत नाही. लेहला किंवा काझाला पोचल्यावर दोन दिवस काहीच करायचं नाही, हे तर तुम्हाला एव्हाना सगळ्यांनी सांगितलंच असेल.

पायरी चौथी: बाहेर पडल्यावर

कॅमेरा गारच राहू द्या. हे मनाला पटत नाही, पण जमवा. नवखा माणूस प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा जॅकेटच्या आत घालतो. चढ चढून आलेल्या माणसाच्या जॅकेटमध्ये घामाची वाफ भरलेली असते. गार कॅमेरा आत गेला की तिथं छोटं स्वयंपाकघरच तयार होतं. बॅटरी आत, कॅमेरा बाहेर, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या ग्रुपमधल्या एकीनं आजीच्या जुन्या गोधडीचा तुकडा कापून कॅमेऱ्याला टोपडं शिवलंय. बारशाच्या बाळासारखं दिसतं, सगळे हसतात. पण वारा लागत नाही, धातूला हात लागत नाही आणि भुरभुरणारा बर्फ बटणांत जात नाही. कॅमेऱ्याला ऊब द्यायला नाही, त्याचं तापमान हळूहळू बदलावं म्हणून ते आहे.

लेन्सवर किंवा व्ह्यूफाइंडरवर फुंकर मारू नका. पुण्यात काच पुसायची ती आपली पहिली सवय. इथं फुंकर काचेवर गोठते आणि मग नखानं खरवडावंसं वाटतं, तेही करू नका. मऊ ब्रश आणि रबरी फुगा जवळ ठेवा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास खाली सोडा किंवा रोखा, तोंडावरचा मफलर नाकाखाली घट्ट बांधा. मफलरमधून वर निघणारी वाफच सगळ्यात जास्त त्रास देते.

कॅमेऱ्यावर बर्फ पडला तर ब्रशनं झटका. हातानं पुसलात तर तो वितळतो, फटीत जातो आणि परत गोठतो. लेन्स हूड कायम लावलेला असू द्या. लेन्स बदलणं शक्यतो टाळा, कोरड्या हवेत स्थिर वीज साठते आणि सेन्सर धूळ ओढून घेतो. दोन बॉडी असतील तर प्रश्नच मिटला, नसतील तर दिवसाला एकच लेन्स ठरवा. वायरी आणि पट्टे झटक्यानं वाकवू नका, काही प्लॅस्टिक या थंडीत बिस्किटासारखं मोडतं.

पायरी पाचवी: बर्फ करडा येऊ नये म्हणून

बर्फाळ भागातल्या पहिल्या फोटोंमध्ये बर्फ सिमेंटसारखा दिसतो. दोष कॅमेऱ्याच्या मीटरचा. समोर जे आहे ते सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो गृहीत धरतो. समोर सगळा पांढराशुभ्र पसारा असला की तो म्हणतो, फार उजेड झाला, आणि फोटो काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +१ ते +१.७ वर न्या. ढगाळ दिवशी कमी, कडक उन्हात चौकटभर बर्फ असेल तेव्हा जास्त.

किती हे स्क्रीनवर बघून ठरवू नका. त्या लख्ख उन्हात स्क्रीन कायम काळाच दिसतो, आणि पोलराइज्ड गॉगल असेल तर कॅमेरा आडव्याचा उभा केला की पूर्ण काळा होऊ शकतो. पहिल्या वेळी मला वाटलं, गेला स्क्रीन. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत गडद भाग किती (डावीकडे) आणि उजळ किती (उजवीकडे) ते दाखवणारा आलेख. उजवीकडे सरकलेला हवा, उजव्या भिंतीला आदळलेला नको.

हिमबिबट्यासाठी मात्र हा नियम उलटाही फिरतो. तो बर्फावरून चालत करड्या खडकावर गेला की चौकटीतला पांढरा भाग एकदम घटतो, आणि +१.७ वर ठेवलेला कॅमेरा त्याला धुऊन टाकतो. मॅन्युअल मोडवर, समोरच्या उन्हातल्या बर्फावरून आधीच मोजून ठेवलेलं एक्स्पोजर बरं. ऊन बदलत नाही तोवर प्राणी कुठेही गेला तरी ते बरोबरच येतं. भारतात २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला, त्यातले ५१ हिमाचलात आणि ४७७ लडाखमध्ये. म्हणजे संधी मिळेलच असं नाही, मिळाली तर सेटिंगशी खेळायला वेळ नसतो. आणि तो दिसेल तो गावातल्या पोरांच्या डोळ्यांनी. लडाखी बोलीत त्याला 'शान' म्हणतात. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या मुलानं हळूच 'शान' म्हटलं की आपली बडबड बंद.

लांब लेन्स असूनही फोटो मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, येत असेल तर लेन्सला शिव्या देण्याआधी बघा, तुम्ही कुठून काढताय. गरम गाडीच्या खिडकीतून किंवा घराच्या दारातून काढलात तर गरम हवा आणि गार हवा मिसळते, मध्ये पाण्यासारखी थरथर होते. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला ती लगेच दिसते. बाहेर या, सकाळी लवकर काढा.

व्हाइट बॅलन्सची (पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणूनच्या सेटिंगची) फार चिंता नको, रॉ फॉरमॅटमध्ये काढा, त्यात रंग नंतरही बदलता येतात. बर्फावरच्या सावल्या निळ्याच असतात, त्या खऱ्या आहेत, घरी येऊन त्यांना पांढरं करायचा अट्टहास नको. आणि चकाकी कमी करून आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर घरी ठेवलात तरी चालेल. या उंचीवर आकाश मुळातच गडद असतं, फिल्टरनं ते जवळजवळ काळं होतं.

पायरी सहावी: घरात परत येताना

दिवसभर नीट वागलेला माणूस चुकतो तो इथं, कारण दमलेला असतो आणि आतून थुक्प्याचा वास येत असतो.

१. दाराबाहेरच उभं राहा. मेमरी कार्ड काढा, बॅटरी काढा, दोन्ही खिशात. आत जाऊन फोटो बघायचे असतात आणि त्यासाठीच लोक पिशवी लवकर उघडतात. कार्ड हाताशी असलं की तो मोह राहत नाही.

२. कॅमेरा लेन्ससकट मोठ्या झिपच्या पिशवीत घाला. सिलिका जेलच्या दोन पुड्या सोबत टाका. हवा दाबून काढा, झिप लावा, बोट फिरवून खात्री करा. मोठी लेन्स पिशवीत मावत नसेल तर जाड, भोकं नसलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि दोरी, ट्रेकला सॅकमध्ये पावसासाठी लावतो तशी.

३. ती पिशवी कॅमेरा बॅगेत, बॅगेची चेन बंद. बॅगेतल्या फोममुळे तापमान सावकाश चढतं.

४. बॅग बुखारीपासून लांब, भिंतीशी. दोन-तीन तास हात लावायचा नाही. मोठ्या लेन्सला रात्रभर.

५. उघडण्याआधी पिशवीला बाहेरून हात लावून बघा. गार लागली तर अजून वेळ आहे.

याहून सोपा उपाय म्हणजे कॅमेरा आत आणूच नका. दुसऱ्या दिवशी पहाटे परत बाहेरच जायचंय ना? पडवीत, गोठ्याशेजारच्या खोलीत किंवा गाडीत, बॅटरी-कार्ड काढून, बॅग बंद करून ठेवा. कुत्री आणि बर्फ यांच्यापासून सुरक्षित असली म्हणजे झालं. मी आता हेच करतो.

आणि तरीही वाफ धरलीच तर? पुसत बसू नका, कॅमेरा चालू करू नका, लेन्स काढू नका. काढलीत तर दमट हवा सेन्सरपर्यंत जाईल. कोरड्या, जरा उबदार खोलीत, जिथं चूल आणि किटली नाही अशा ठिकाणी, तसाच ठेवा. वाफ स्वतःहून उडेल. ओल्या कॅमेऱ्याला लगेच परत थंडीत नेणं सगळ्यात वाईट, ते मी वर भोगून सांगितलंय.

रात्रीच्या आकाशासाठी

लडाखमधलं हानले भारतातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला भाग. तिथं ४,५०० मीटरवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे आणि दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण. गाडीचे दिवे आणि पांढऱ्या टॉर्च बंद, लाल दिवाच वापरा, नाहीतर शेजाऱ्याचा फोटो बिघडतो आणि गाववाल्यांची बोलणी बसतात.

रात्रभराच्या टाइमलॅप्समध्ये (ठरावीक अंतरानं फोटो काढत राहून केलेल्या चित्रफितीत) लेन्सवर कण कण बर्फ धरतो. लेन्सच्या तोंडाजवळ गुंडाळायची यूएसबीवर चालणारी तापपट्टी मिळते, ती मंद आचेवर ठेवा. पॉवर बँक जुन्या लोकरी मोज्यात घालून ट्रायपॉडला टांगा. फोकस उजेडात दूरच्या डोंगरावर लावून रिंगला टेप चिकटवा, आणि थंडीत भिंग किंचित आक्रसतं म्हणून अर्ध्या तासानं एका ताऱ्यावर पुन्हा तपासा. ट्रायपॉडचं डोकं घट्ट होतं, जबरदस्तीनं फिरवू नका.

फोटो साठवताना

जुनी, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क नेऊ नका. तिच्या आतलं वाचणारं टोक हवेच्या पातळ गादीवर तरंगतं, आणि बहुतेक डिस्क साधारण ३,००० मीटर उंचीपर्यंतच चालवायच्या असतात. लेह ३,५०० मीटरवर, किब्बर त्याहून वर. विरळ हवेत ते टोक तबकडीवर आपटलं की फोटो गेले. फिरणारी तबकडी नसलेली एसएसडी न्या, किंवा सरळ जास्तीची कार्डं.

घरी परतल्यावर

ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून दोन दिवस उभे ठेवा. वितळलेलं पाणी आणि स्पितीची बारीक धूळ नळ्यांच्या आत बसलेली असते, ती कोरड्या फडक्यानं पुसा. बॅगेचे कप्पे काढून उन्हात घाला. सिलिका जेलचे सुटे दाणे रंग बदलणारे असतील आणि गुलाबी झाले असतील तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर परत निळे होईपर्यंत हलवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, त्यामुळे तो तवा परत पोळ्यांना वापरू नका. त्यासाठी एक जुना, भंगारातला तवा वेगळा ठेवा.